कैदी लपवणाऱ्या फादरांवर दोन अंकी नाटक कसे लिहावे

पळून आलेल्या युद्धकैद्यांना लपवणारे धर्मगुरू हा विषय राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा हौशी संस्थेच्या प्रयोगासाठी घ्यायचा असेल, तर घटना कोणत्या गावची आणि कोणत्या महिन्यांची हे सर्वांत आधी पक्के करावे. ‘युरोपातले एक गाव, महायुद्धाचा काळ’ एवढ्यावर लिहायला बसले, की पहिल्या प्रवेशात बूट आपटत येणारा जर्मन अधिकारी, दुसऱ्यात थरथरणारी सिस्टर आणि तिसऱ्यात घंटानाद असे ठरलेले नाटक आपोआप लिहून होते. येथे रोमची घटना घेतली आहे, कारण तिच्या नोंदी भरपूर आहेत, तिला ठरावीक सुरुवात आणि ठरावीक शेवट आहे आणि ती बहुतांशी बंद दारांआड घडली असल्यामुळे रंगमंचाला मानवते. रणांगण उभे करण्याची ऐपत आपल्या संस्थांकडे नसते आणि या विषयाला त्याची गरजही पडत नाही.

आधी नऊ महिने पाठ करावेत

इटलीने दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी केल्याची घोषणा 8 सप्टेंबर 1943 रोजी झाली. त्या वेळी इटलीतील छावण्यांत सुमारे 80,000 दोस्त युद्धकैदी होते. छावण्यांमधील ज्येष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांना लंडनचा आदेश आधीच पोचला होता, की कैद्यांनी जागा सोडू नये, आपले सैन्य येईपर्यंत थांबावे. सैन्याआधी जर्मन आले. जेथे आदेश काटेकोरपणे पाळला गेला तेथील हजारो कैदी मालगाड्यांत भरून जर्मनीला नेले गेले. जेथे पहारेकरीच पळून गेले किंवा एखाद्या अधिकाऱ्याने आदेश बासनात गुंडाळून ठेवला, तेथील कैदी डोंगरांत आणि शेतांत पांगले. त्यांतील काही रोमकडे वळले, कारण रोममध्ये पोपचे व्हॅटिकन होते आणि व्हॅटिकन तटस्थ होते. मात्र तटस्थता टिकवायची असल्यामुळेच व्हॅटिकनच्या दारावरचे पहारेकरी त्यांना आत घेण्याऐवजी परत पाठवू लागले. नाटकाची पहिली गाठ येथे बसते: दार आहे, पण ते उघडता येत नाही.

या दाराच्या आतल्या बाजूला मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टी होते (‘मॉन्सिन्योर’ ही कॅथलिक धर्मगुरूंना मिळणारी मानाची पदवी). 1898 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मलेले, किलार्नीत वाढलेले, उंचेपुरे, गोल्फचे वेड असलेले हे धर्मगुरू इजिप्त, हैती आणि चेकोस्लोव्हाकियात व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत काम करून रोममध्ये स्थिरावले होते. युद्धाच्या पहिल्या वर्षांत पोपच्या प्रतिनिधीचे सचिव म्हणून ते इटलीतील छावण्यांना भेटी देत, बेपत्ता सैनिकांची नावे गोळा करत आणि व्हॅटिकन रेडिओवरून त्यांच्या घरी खबर पोचेल असे पाहत. पळालेल्या अनेक कैद्यांना रोममध्ये एकच नाव ठाऊक होते आणि ते यांचे होते, ही गोष्ट या भेटींमुळे घडली. नाटकात ती एका वाक्यात का होईना, आली पाहिजे. नाहीतर कैदी नेमके याच फादरांकडे का येतात, हा प्रश्न चौथ्या रांगेतला प्रेक्षक विचारत राहील.

पुढच्या नऊ महिन्यांतील पाच तारखा लेखकाने समोर भिंतीवर लावून ठेवाव्यात. सप्टेंबरच्या 10 तारखेला जर्मनांनी रोम ताब्यात घेतले. 16 ऑक्टोबरला शहरातील ज्यूंची धरपकड झाली. 22 जानेवारी 1944 ला दोस्त सैन्य आन्झिओच्या किनाऱ्यावर, रोमपासून जेमतेम 50 किलोमीटरवर उतरले. 23 मार्चला व्हिया रासेला या रस्त्यावर जर्मन पोलिसांच्या तुकडीवर बॉम्बहल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून दुसऱ्याच दिवशी अर्देआतिनेच्या गुहांत 335 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. 4 जूनला रोम मुक्त झाले.

मध्यंतर कोठे घ्यावे, याविषयी माझे मत ठाम आहे: आन्झिओवर. तोफांचे आवाज रोममध्ये ऐकू येऊ लागतात, लपलेले कैदी एकमेकांना मिठ्या मारतात, घरमालकीण उरलेसुरले पीठ काढून चांगले जेवण करायला घेते, कारण आता दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे, आणि पडदा पडतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तोफा वाजतच असतात, पण सैन्य किनाऱ्यावर अडकले आहे आणि पीठ संपले आहे. प्रेक्षकाला इतिहास ठाऊक नसला तरी ही फसगत त्याला आतून कळते, आणि दुसरा अंक केवळ पहिल्याची पुनरावृत्ती होण्याचा धोका टळतो.

जागेचा हिशेब

व्हॅटिकन हे 1929 च्या करारानंतर स्वतंत्र राष्ट्र झाले. त्याचा विस्तार 44 हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाच्या शिवारापेक्षाही कमी. शिवाय रोम शहरात त्याच्या काही इमारती अशा होत्या, की त्यांची जमीन इटलीची असली तरी त्यांना करारानुसार संरक्षण होते. ओफ्लाहर्टी राहत ते कोलेजिओ तेउतोनिको, म्हणजे जर्मन धर्मगुरूंचे महाविद्यालय, अशांपैकीच एक होते. ब्रिटिश कैद्यांची सोय लावणारा आयरिश माणूस जर्मन नावाच्या इमारतीत बसून काम करत होता, हे कोणी कल्पनेने रचले असते तर परीक्षकांनी अतिरेक म्हणून गुण कापले असते.

सेंट पीटर चौकाच्या तोंडाशी जर्मनांनी जमिनीवर पांढरी रेघ आखली. अलीकडे व्याप्त रोम, पलीकडे तटस्थ भूमी. ओफ्लाहर्टी रोज संध्याकाळी बॅसिलिकेच्या, म्हणजे चौकातल्या भव्य चर्चच्या, पायऱ्यांवर प्रार्थनेचे पुस्तक हातात घेऊन सर्वांना दिसतील असे उभे राहत, आणि ज्याला गरज असेल तो तेथे येऊन त्यांना गाठे. रेघेपलीकडून पाहणाऱ्या जर्मनांनाही ते तितकेच स्पष्ट दिसत.

नेपथ्यकाराला एवढे पुरेसे आहे. मागे तीन पायऱ्यांची एक लेव्हल, पुढे उजवीकडे एका लहानशा फ्लॅटचे स्वयंपाकघर, आणि या दोहोंच्या मधून प्रेक्षकांच्या दिशेने येणारी पांढऱ्या टेपची एक रेघ. बॅसिलिकेचा घुमट कापडावर रंगवून टांगू नये. तो कितीही चांगला रंगवला तरी गॅदरिंगचा वाटतो. रेघ मात्र पहिल्या तालमीपासून जमिनीवर असावी, म्हणजे नट तिच्याभोवती वावरायला शिकतात. गेस्टापो, म्हणजे जर्मन गुप्त पोलिस, यांच्या प्रमुखाचे काम करणाऱ्याने ती संपूर्ण नाटकात ओलांडायची नाही, आणि फादरांनी ती किती वेळा आणि कोणत्या वेशात ओलांडायची, हे संहितेतच लिहिलेले असावे. ओफ्लाहर्टी शहरात फिरत, तेव्हा पोस्टमन, रस्ता झाडणारा किंवा मजूर अशी सोंगे घेत, असे सांगितले जाते. वेशांतराचे प्रवेश प्रेक्षकांना आवडतात, म्हणूनच त्यांतला एकच घ्यावा.

तो एक कोणता, हे सांगतो. प्रिन्स फिलिप्पो दोरिया पाम्फिली हे फॅसिस्टविरोधी सरदार ओफ्लाहर्टींना पैसा पुरवत. त्यांच्या वाड्यात मॉन्सिन्योर असताना जर्मनांनी वाड्याला वेढा दिला. तळघरात त्याच वेळी हिवाळ्यासाठीचा कोळसा उतरवला जात होता. मॉन्सिन्योरांनी झगा पोत्यात कोंबला, तोंडाला कोळसा फासला आणि पोते खांद्यावर टाकून पहारेकऱ्यांसमोरून बाहेर पडले. हा प्रसंग दाखवण्याचा मोह आवरावा आणि तो घडून गेल्यावर स्वयंपाकघरात हात धुताना, काळे पाणी बादलीत पडत असताना, त्यांनी तो दोन वाक्यांत सांगावा. पाठलाग रंगमंचावर नेहमी अडखळतो. काळे पाणी अडखळत नाही.

माणसे निवडताना

बहुतेक लेखक या विषयाकडे मॉन्सिन्योर विरुद्ध गेस्टापो अशा द्वंद्वातून पाहतात. दोन तगडे नट मिळाले तर ते द्वंद्व रंगतेही, पण त्यामुळे नाटकातून ज्यांचा जीव सर्वांत जास्त टांगणीला लागला होता तीच माणसे गळतात. कैद्याला आसरा देणाऱ्यास मृत्युदंड, अशी जर्मनांची जाहीर ताकीद होती. पळालेला सैनिक पकडला गेला तर बहुधा पुन्हा छावणीत जाई. त्याला जेवायला घालणारे कुटुंब गोळीला सामोरे जाई. फादरांना निदान पळून जायला एक रेघ होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला तीही नव्हती. हे असमान माप नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवावे, असे मला वाटते, आणि फादरांचा खरा संघर्ष येथे आहे, की ते रोज दुसऱ्याच्या दारात धोका नेऊन ठेवतात आणि परत येऊन प्रार्थना म्हणतात.

प्रत्यक्षातली अशी बाई म्हणजे हेन्रिएटा शेव्हालिए, माल्टाची विधवा, मुलींसह रोममधील लहान फ्लॅटमध्ये राहणारी. माल्टा ब्रिटिश वसाहत असल्यामुळे ती स्वतःच जर्मनांच्या लेखी शत्रुराष्ट्राची नागरिक होती. तिच्या घरात कैद्यांची सतत ये-जा असे आणि ओफ्लाहर्टींभोवती उभ्या राहिलेल्या गुप्त संघटनेच्या कागदांवर ती ‘मिसेस एम’ होती. ओफ्लाहर्टींचे टोपणनाव ‘गोल्फ’ होते. कैद्यांना घरोघर पोचवण्याचे काम माल्टाचे ऑगस्टिनियन पंथाचे फादर, न्यूझीलंडचे आणि आयर्लंडचे तरुण फादर आणि काही ब्रदर करत. ब्रिटिश राजदूत सर डार्सी ऑस्बोर्न व्हॅटिकनच्या आत अडकलेले होते आणि पदामुळे त्यांचे हात बांधलेले होते. त्यांचा बटलर जॉन मे मात्र काळ्या बाजारातून हवे ते पैदा करत असे. आयरिश राजदूताच्या पत्नी, त्या काळच्या नावाजलेल्या लोकगीत गायिका डेलिया मर्फी, आपला देश तटस्थ असताना या कामात मदत करत होत्या. नंतर पळालेले ब्रिटिश युद्धकैदी मेजर सॅम डेरी आले. ते धावत्या गाडीतून उडी मारून निसटले होते आणि कोबीने भरलेल्या शेतकऱ्याच्या गाडीत लपून रोममध्ये शिरले होते. मॉन्सिन्योरांचे कपडे घालून ते व्हॅटिकनमध्ये गेले, आणि ऑस्बोर्न यांच्या सांगण्यावरून संपूर्ण कारभार त्यांनी लष्करी शिस्तीत बसवला.

एवढी सगळी माणसे नाटकात आणली तर कोणाचीच ओळख होणार नाही. सात पात्रे पुरेत: मॉन्सिन्योर, डेरी, गेस्टापो प्रमुख, घरमालकीण, तिची मुलगी, एक तरुण फादर आणि एक सैनिक. मॉन्सिन्योर, डेरी आणि गेस्टापो प्रमुख यांची नावे खरी ठेवावीत आणि त्यांच्या तोंडी नोंदींशी विसंगत असे काही घालू नये. उरलेल्या चौघांना कल्पित नावे द्यावीत, म्हणजे लेखकाला मोकळीक मिळते आणि कोणाच्या आजीवर अन्याय होत नाही. डेरी आणि मॉन्सिन्योर यांच्या स्वभावांतला फरक मात्र जपून ठेवावा. एक जण येईल त्याला घेणारा, कागदावर काही न ठेवणारा. दुसरा प्रत्येक लिरेचा आणि प्रत्येक माणसाचा हिशेब मागणारा. डेरींच्या नोंदी पत्र्याच्या डब्यांत भरून व्हॅटिकनच्या बागेत पुरल्या जात. यादी ठेवली तर ती सापडण्याची भीती, न ठेवली तर युद्धानंतर मदत केलेल्या कुटुंबांची भरपाई करता येणार नाही: या एका वादावर आख्खा प्रवेश उभा राहतो आणि त्यात दोघेही बरोबर असतात.

मॉन्सिन्योरांच्या मनातली एक गाठ मराठी प्रेक्षकाला चटकन कळेल. ब्रिटिशांच्या जुलमाच्या ताज्या आठवणी असलेल्या आयरिश पिढीतला हा माणूस ब्रिटिश सैनिकांसाठी जीव धोक्यात घालत होता. आपल्याकडेही 1942 नंतर एकाच गावातला एक मुलगा ‘चले जाव’साठी तुरुंगात आणि दुसरा ब्रिटिशांच्या फौजेत, अशी स्थिती होतीच. त्यावर स्वगत लिहू नये. एखाद्या ब्रिटिश सैनिकाने आभार मानताना राजाचे नाव घ्यावे आणि मॉन्सिन्योरांनी विषय बदलावा, एवढ्याने काम होते.

लपवण्याचा रोजचा धंदा

नाटकाचा गाभा येथे आहे आणि सर्वांत कमी लक्षही येथेच दिले जाते. माणूस लपवणे म्हणजे त्याला दाराआड उभे करणे नव्हे. त्याला दिवसातून दोनदा जेवायला घालणे, त्याचे कपडे धुणे, त्याला आजारी पडू न देणे, त्याला कंटाळून बाहेर जाऊ न देणे, आणि हे सर्व शेजाऱ्यांना न कळता महिनोन्‌महिने करणे. शिधा माणशी मोजून मिळत असे, म्हणून लपलेल्याचे प्रत्येक पोट काळ्या बाजारात नेऊन सोडत असे. पैसा ब्रिटिश वकिलातीतून येई आणि फादरांच्या झग्याच्या खिशांतून घरोघर पोचे. संचारबंदीमुळे ने-आण दिवसाढवळ्या, ट्राममधून, गर्दीत करावी लागे. इटालियन येत नसेल तर कैद्याने झोपेचे सोंग घ्यायचे किंवा मुका असल्यासारखे बसायचे, आणि सोबतच्या फादरांनी त्याच्याशी ओळख नसल्यासारखे दोन बाके पुढे बसायचे.

या तपशिलांची यादी करून ती संवादांत कोंबू नये. एका प्रसंगात त्यांतले तीन-चार वापरावेत. नमुना म्हणून एक कल्पित तुकडा देतो. जिन्यात तरुण फादर, दार किलकिले करून घरमालकीण.

फादर: आज दोघे आहेत.

बाई: काल एक म्हणाला होतात.

फादर: दुसऱ्याला आधीच्या घरातून हलवावं लागलं. खालच्या दरवानानं विचारलं, पाहुणा किती दिवस राहणार.

बाई: उंच आहेत?

फादर: एक आहे.

बाई: मग त्यानं खिडकीकडे जायचं नाही. बूट?

फादर: लष्करी.

बाई: काढायला सांगा. आत्ता, इथंच. खालची बाई दिवसभर घरी असते.

फादर: बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी मी...

बाई: पाव किती आणलात?

या तुकड्यात भीती, धैर्य, देव, देश यांपैकी एकही शब्द नाही. बाई घाबरलेली आहे हे तिच्या प्रश्नांच्या क्रमावरून कळते, आणि फादरांना अपराधी वाटते हे त्यांच्या अर्धवट वाक्यावरून. ती त्यांना ते वाक्य पुरे करू देत नाही, कारण ते पुरे झाले तर तिला खरोखर विचार करावा लागेल. पुढच्या प्रवेशात दोन जोडी बूट ओट्याखाली दिसावेत. घरात पुरुष नाही हे आधी सांगून ठेवलेले असले, की झडतीच्या प्रवेशात प्रेक्षक त्या बुटांवरून नजर हलवत नाही. दिग्दर्शकाला शक्य असेल तर पाव खरा असावा आणि तो खरोखर कापला जावा. प्रत्येक प्रवेशात तुकडे लहान होत गेले पाहिजेत, आणि त्याविषयी कोणी बोलता कामा नये.

काप्लर आणि त्याच्या पलीकडचे प्रश्न

गेस्टापोचा प्रमुख हर्बर्ट काप्लर याचे कार्यालय आणि तुरुंग व्हिया तासोवर होते. त्याला ओरडायला लावू नये. त्याची भीती त्याच्या कामकाजाच्या पद्धतीत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस त्याने रोमच्या ज्यू समाजाकडे 50 किलो सोने मागितले आणि ते दिले नाही तर माणसे नेली जातील असे बजावले. सोने वेळेत जमा झाले, तराजूत तोलले गेले आणि तरीही 16 ऑक्टोबरला धरपकड झाली. एक हजाराहून अधिक माणसे आउशविट्‌झला पाठवली गेली, त्यांतले 16 जण परतले. अर्देआतिनेच्या वेळी एका जर्मनामागे दहा असा हिशेब ठरला होता. मृत 33 होते, म्हणजे 330, पण यादी करताना पाच माणसे जास्त भरली आणि तीही मारली गेली. हे पाच ज्या अधिकाऱ्याच्या कागदावर उरले, त्याला खलनायकाचे हास्य देण्याची गरज नाही.

येथे लेखकाने एक जबाबदारी घ्यावी. युद्धकैद्यांना लपवण्याची कथा उत्साहाची आहे आणि तिचा शेवट सुखाचा आहे; रोमच्या ज्यूंची कथा तशी नाही. अटक झालेल्यांना दोन दिवस ज्या लष्करी विद्यालयात ठेवले होते ते व्हॅटिकनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पोप पायस बारावे यांनी त्या वेळी जाहीर निषेध केला नाही. त्याच महिन्यांत काही हजार ज्यूंना रोमच्या मठांनी आणि कॉन्व्हेंटांनी आसरा दिला, हेही खरे. निषेध केला असता तर मठांच्या झडत्या झाल्या असत्या असे म्हणणारे आणि मौन अक्षम्य होते असे म्हणणारे अभ्यासक आजही आहेत. नाटकाने निकाल देऊ नये, पण प्रश्न वगळूही नये. तो घरमालकिणीच्या मुलीने विचारावा, कारण तिच्या वर्गातली एक मुलगी 16 ऑक्टोबरनंतर शाळेत आलेली नाही. आणि तरुण फादरांनी दिलेले उत्तर तिला पटू नये.

संरक्षित इमारतीही सुरक्षित राहिल्या नाहीत. फेब्रुवारी 1944 मध्ये सेंट पॉल बॅसिलिकेच्या मठावर फॅसिस्ट पोलिसांनी धाड घालून आत लपलेल्यांना पकडले. फादर पिएत्रो पाप्पागाल्लो हे अडलेल्यांना खोटे कागद मिळवून देत. ते अर्देआतिनेत मारले गेले. फादर ज्युसेप्पे मोरोसिनी यांना 3 एप्रिलला गोळ्या घालण्यात आल्या. तुमच्या कल्पित तरुण फादरांचे काय होते हे ठरवताना ही दोन नावे विसरू नयेत. सर्वच फादर शेवटच्या प्रवेशात टाळ्या घ्यायला उभे असतील, तर इतिहासाला सूट दिल्यासारखे होईल.

मराठी शिपाई आणावा का

हा मोह प्रत्येकाला होईल. त्याला आधारही आहे: 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण जून 1942 मध्ये तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली आणि उत्तर आफ्रिकेत पकडलेले असंख्य हिंदी सैनिक इटलीच्या छावण्यांत होते. रोमच्या पूर्वेला अवेझ्झानो येथे प्रामुख्याने हिंदी कैद्यांची छावणी होती, आणि शस्त्रसंधीनंतर तेथूनही माणसे डोंगरांत पांगली. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडचा एखादा शिपाई एखाद्या इटालियन घराच्या दारात उभा राहणे अशक्य नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे मात्र या कथेतले नाहीत; ते जुलै 1944 मध्ये, रोम मुक्त झाल्यानंतर, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांचे नाव टाळ्यांसाठी आणू नये.

आणायचाच असेल तर अडचणींसकट आणावा. गोरा सैनिक झगा घालून आयरिश फादर म्हणून खपून जाई; कोकणातला शिपाई ट्राममध्ये कसा खपणार? त्याला शहरात आणता येत नाही, डोंगरातल्या मेंढपाळाच्या झोपडीत ठेवावे लागते, आणि बर्फात त्याच्याकडे पैसे घेऊन जाणारे फादर हा वेगळाच प्रवेश होतो. रोम मुक्त झाले तेव्हा संघटनेच्या देखरेखीखाली 3,925 पळालेले सैनिक होते आणि त्यांतले बहुतेक शहराबाहेर, खेड्यापाड्यांत होते. त्यामुळे असा प्रवेश ओढूनताणून आणल्यासारखा वाटणार नाही. त्या शिपायाला आणि मेंढपाळाला एकमेकांची भाषा येत नाही. दोघांना जनावरे कळतात. संवाद शक्य तितके कमी ठेवावेत.

भाषा, झगे आणि कागदपत्रे

पात्रे इंग्रजी, इटालियन, जर्मन बोलत असणार आणि प्रेक्षकांसमोर सर्व मराठीतच बोलणार. परदेशी हेल काढून मराठी बोलण्याची जुनी खोड सोडावी. जर्मन अधिकारी ‘टुम्ही’ म्हणाला की अर्देआतिने विनोदी होते. त्याऐवजी सैनिक समोरच्याची भाषा समजत नाही तेव्हा त्याने फक्त गप्प राहावे. फादरांच्या भाषेसाठी वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजाकडे जावे. तेथे मिस्सा, रोझरी, धर्मगुरू, धर्मभगिनी हे शब्द रोजच्या वापरातले आहेत, आणि फादर घरातल्या बाईशी किती आदराने, किती मोकळेपणाने बोलतात, हे एका रविवारी चर्चबाहेर उभे राहिले तरी कानावर पडते. संस्कृतप्रचुर प्रवचनांपेक्षा ती बोली या नाटकाला शंभर पटींनी उपयोगी आहे. प्रार्थनांचे मराठी शब्द तेथील उपासनेच्या पुस्तकांतूनच घ्यावेत, स्वतः रचू नयेत. क्रूस, जपमाळ आणि झगे यांची हाताळणी एखाद्या फादरांना तालमीला बोलावून पाहून घ्यावी. कमरपट्टा चुकीच्या बाजूला लोंबला तर प्रेक्षकांतल्या वसईकरांचे लक्ष शेवटपर्यंत तेथेच राहते.

शेवट कोठे करावा, हा खरा पेच आहे. युद्धानंतर काप्लरला जन्मठेप झाली. गाएताच्या तुरुंगात त्याला भेटायला जाणाऱ्या मोजक्या माणसांत मॉन्सिन्योर होते, आणि 1959 मध्ये त्यांनीच त्याला कॅथलिक धर्माची दीक्षा दिली. नाटककाराला याहून आयता शेवट मिळणार नाही, आणि म्हणूनच तो घेताना सावध राहावे. 335 कुटुंबांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मॉन्सिन्योरांना कोणी दिला होता, असे विचारणारे कोणी रंगमंचावर नसेल, तर तो प्रवेश काप्लरची सुटका ठरतो. 1977 मध्ये काप्लर रोमच्या लष्करी रुग्णालयातून पत्नीच्या मदतीने खरोखरच निसटला आणि पुढच्याच वर्षी मरण पावला; मॉन्सिन्योर त्याआधीच, 1963 मध्ये, गेले होते. माझी पसंती अशी, की मुख्य कथा 4 जूनला घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात संपवावी, आणि तुरुंगभेट त्याआधीच, दुसऱ्या अंकाच्या मध्ये, काळ ओलांडून एका छोट्या प्रवेशात दाखवावी. त्या भेटीत घरमालकीणही पायऱ्यांवर उभी दिसावी. ती आत जात नाही.

संहिता पूर्ण झाली की दोन्ही अंक घड्याळ लावून मोठ्याने वाचावेत आणि स्पर्धेच्या नियमांतील वेळेत बसवावेत. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे संहिता तारखेच्या बरीच आधी पाठवावी. पोप आणि चर्च यांचे उल्लेख असलेल्या प्रवेशांसोबत कोणते प्रसंग नोंदींवर आधारलेले आहेत आणि कोणते कल्पित आहेत, हे सांगणारे एक पानी टिपण जोडावे, आणि तेच टिपण प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षागृहाच्या दारात लावावे.